साडभाऊंची पंचवीस वर्षं

आमच्या साडभाऊंनी जन्मात एकही गोष्ट विचार न करता केली नाही, असं मी कितीतरी वर्षं लोकांना छातीठोकपणे सांगत आलो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बाकी महाराष्ट्रात अशा नातेवाइकाला नुसतं साडू म्हणतात. आमच्या वऱ्हाडात त्याला भाऊ जोडतात, आणि एकदा भाऊ जोडला की माणसावर रागावण्याचा अर्धा हक्क निघून जातो. उरलेल्या अर्ध्या हक्कावर मी अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. नातं दोन्हीकडून सारखंच, म्हणून तेही मला साडभाऊच म्हणतात. साडभाऊ सरकारी मोजणी खात्यात होते. दोन शेतांमधला धुरा नेमका कुठून जातो हे ठरवायचं त्यांचं काम. तीनदा मोजल्याशिवाय त्यांनी कुणाच्या शेतात खुंटी गाडू दिली नाही, आणि तिसऱ्या मोजणीपर्यंत भांडणारे दोघेही इतके थकलेले असायचे की बरेचदा बांधावर बसून एकमेकांना तंबाखू देत. त्या खात्यात ही सवय गुण ठरली. घरी आल्यावर तिचं काय करायचं, हे मात्र कोणालाच कळलं नाही.

टरबूज घ्यायला ते बाजारात गेले की ढिगातलं प्रत्येक टरबूज बोटानं वाजवून, कानाशी धरून पाहायचे, आणि तोवर ऊन उतरून टरबूजवाला आपलं दुकान आवरायला लागायचा. पंखा घ्यायचा ठरला तेव्हा तीन पात्यांचा की चार पात्यांचा यात एक अख्खा उन्हाळा गेला. पंखा लागला तेव्हा घरात स्वेटर निघाले होते. बुलढाण्याहून मलकापूरला जायचं असलं तर घाटात ऊन कोणत्या बाजूनं येईल याचा हिशेब ते बसच्या दाराशी उभे राहून करत. तो कधी चुकला नाही, पण तो होईपर्यंत बस भरलेली असे आणि साडभाऊ सावलीच्या बाजूला उभे राहून प्रवास करीत. मुलीला एक चांगलं स्थळ आलं होतं. साडभाऊंनी मुलाची चौकशी इतकी मुळापासून केली की ती पूर्ण झाल्याचं कळवायला गेले तेव्हा मुलाच्या दाराला तोरण होतं, ते त्याच्या लग्नाचं नव्हे तर त्याच्या पोराच्या बारशाचं. शेवटी मुलीनं स्वतःच स्वतःचं लग्न ठरवलं. त्या लग्नाला होकार द्यावा की नाही याचा विचार साडभाऊ अजून करीत आहेत. नातू तिसरीत आहे.

या सगळ्यात ताई, म्हणजे माझी मेहुणी, कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. कुणी त्यांना काही विचारलं की त्या आधी साडभाऊंकडे पाहत. चहा घेणार का, असं विचारलं तरी. आम्ही त्यावरून थट्टा करायचो. आता करत नाही.

सात वर्षांपूर्वी मलकापूरच्या एका कापडाच्या दुकानात साडभाऊंनी एक चिठ्ठी भरून पेटीत टाकली आणि पंधरा दिवसांनी त्यांना फोन आला की तुमचा नंबर लागला आहे. बक्षीस न्यायला नवराबायकोनं जोडीनं अकोल्याच्या एका हॉटेलात यायचं, तिथं तासभर माहिती ऐकायची, जेवायचं आणि घरी जायचं. माहिती होती पर्यटन क्लबाच्या सभासदत्वाची. एकदा मोठी रक्कम भरायची, मग पंचवीस वर्षं दरवर्षी सात रात्री त्यांच्या कुठल्याही ठिकाणी जाऊन राहायचं. डोंगर, जंगल, समुद्र, म्हणाल ते. साडभाऊ निघाले तेव्हा मला त्या क्लबाचीच दया आली होती. आणि झालंही तसंच, निदान आम्हाला कळलं ते असं. साडभाऊ म्हणाले की त्यांनी चार तास प्रश्न विचारले, माहिती सांगणारी मुलगी दोनदा पाणी प्यायला उठली, तिचा साहेब आला, साहेबाचा साहेब आला, आणि शेवटी हे ‘विचार करून सांगतो’ म्हणून बक्षिसाची बुंदीच्या झाऱ्यासकट सहा भांडी घेऊन परत आले.

ही गोष्ट जिल्हाभर झाली. असल्या हॉटेलात जाऊन सही न करता परत आलेला माणूस म्हणून साडभाऊंचं नाव झालं. ज्याला ज्याला असा फोन येई तो आधी साडभाऊंकडे येई. पुढच्या खोलीत ती माणसं बसत, ताई चहा आणत, आणि साडभाऊ चष्मा पुसत एकेक प्रश्न विचारत. रोहिणखेडचे एक निवृत्त गुरुजी आले होते. साडभाऊंनी त्यांना विचारलं की तुमचं आणि वहिनींचं सलग किती दिवस पटतं? गुरुजींनी प्रामाणिकपणे बोटं मोजली आणि चार म्हणाले. साडभाऊ म्हणाले, “मंग सात रात्री घेऊन काय करसान?” गुरुजी चहा न संपवता उठले. बीबी गावचे एक धान्याचे व्यापारी जीप करून आले होते. त्यांना साडभाऊंनी विचारलं की परक्या उशीवर झोप लागते का? नाही, म्हणाले व्यापारी. सासुरवाडीलासुद्धा स्वतःची उशी नेतो. तेही परत गेले. घ्या किंवा घेऊ नका असं साडभाऊ कुणालाच म्हणत नसत. आणि कुणी विचारलं की तुमचं स्वतःचं काय ठरलं, तर एकच उत्तर यायचं, “इचार चालू हाये.” ताई तेव्हा कपबशा उचलत असायच्या.

मागच्या वर्षी आमच्याच घरी तो फोन आला. मी शाळेतून निवृत्त व्हायला थोडे महिने राहिले होते, बायकोला उत्साह आला होता, आणि सोमवारपर्यंत कळवा असा निरोप होता. मी रविवारी दुपारी साडभाऊंकडे गेलो. ताई शेजारी कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मी म्हणालो की साडभाऊ, प्रश्न विचारू नका. उशीचं विचारू नका, पटण्याचं विचारू नका. सहा वर्षं तुम्ही विचार करताय. हे घेण्यालायक आहे की नाही एवढं एका शब्दात सांगा.

 साडभाऊ उठले आणि कपाटातून, मोजणीच्या जुन्या नकाशांखालून, एक निळी फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली. आत एक चकचकीत कार्ड होतं. त्यावर साडभाऊंचं आणि ताईंचं नाव होतं आणि तारीख होती अकोल्याच्या त्याच दिवसाची.

 मी विचारलं, चार तास प्रश्न?

“अर्धा घंटा,” साडभाऊ म्हणाले. “त्यातले वीस मिनिटं तर जेवनाचे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते प्रश्नांची यादी खिशात घालूनच गेले होते, चाळीस प्रश्नांची. त्यांनी पहिला विचारला. सभासदत्व पंचवीस वर्षांचं आणि मी एकसष्टीचा, म्हणजे शेवटच्या वर्षी मी शहाऐंशीचा; तेव्हा तुमच्या जिन्याला कठडा असेल का? ती मुलगी हसली. त्यांच्याच मुलीच्या वयाची होती. तिनं उत्तर दिलं नाही. ताईंकडे वळून विचारलं की काकू, तुम्हाला कुठं जावंसं वाटतं? ताईंनी सवयीनं साडभाऊंकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, काकांकडे नका पाहू, तुम्ही सांगा.

“आन ते बोलली,” साडभाऊ म्हणाले. “समुद्र पाहाचा हाये म्हणे. पटकन. जसं काही तोंडातच होतं. साडभाऊ, चौतीस वर्षं झाले होते आमच्या लग्नाले. मले हे मालूमच नव्हतं. मी कधी इचारलंच नाई.”

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. यादीतले एकोणचाळीस प्रश्न खिशातच राहिले. पेनसुद्धा त्या मुलीचा होता. सही केल्यावर बाहेर येऊन दोघं बसस्टँडवर भांड्यांचं खोकं घेऊन बसले आणि साडभाऊंना दरदरून घाम फुटला. ताईंनी पदरानं वारा घातला आणि म्हणाल्या की कोणाला सांगू नका, लोक हसतील. मग चार तासांची गोष्ट त्यांनी बसमध्ये खामगाव येईपर्यंत रचली. दोघांनी मिळून. साहेबाचा साहेब ही भर ताईंची.

मी ताईंना अठ्ठावीस वर्षं ओळखत होतो. त्या सहा वर्षं पुढच्या खोलीत चहा आणत होत्या, नवऱ्याचं ‘इचार चालू हाये’ ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. त्यांच्या माळ्यावर एक नवी चाकांची बॅग मी कितीदा पाहिली होती, तिची किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून काढलेली नव्हती. मला वाटायचं, बॅग घेऊन झाली, चिठ्ठी काढावी की नाही याचा विचार चालू असेल.

मग गेला का नाहीत, असं मी विचारलं, आणि तिथून पुढं जे ऐकलं त्यानं माझा धीर खचत गेला. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर जावं म्हणून साडभाऊंनी फोन केला तर समुद्राकाठच्या खोल्या चार महिने आधीच भरलेल्या होत्या. प्रतीक्षा यादीत नाव घातलं. डोंगरावर जागा होती, जंगलात होती. एका वर्षी वाळवंटातली देत होते. तिकडचा माणूस म्हणाला की काका, समुद्र नाही पण वाळू आहे. त्या वाळूच्या पुढं पाणी आहे का, असं साडभाऊंनी विचारलं. नव्हतं. ज्या मुलीनं सही घेतली तिचा नंबर लावून पाहिला तर तो आता वाशिमच्या एका टायरवाल्याचा होता. एका वर्षी तारीख मिळाली आणि साडभाऊंच्या आई पडल्या. त्यांना उठवण्या-बसवण्यात दीड वर्ष गेलं, मग त्या गेल्या. दरवर्षी देखभालीच्या पैशांचं पत्र येई, साडभाऊ ते भरत. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षात जमा होत होत्या. सातच्या चौदा झाल्या, चौदाच्या एकवीस. पुढं त्यातल्या जुन्या बाद व्हायला लागल्या. “रात्री सडून राह्यल्या, साडभाऊ,” ते म्हणाले, जसं कुणी कोठारातल्या ज्वारीबद्दल सांगावं. आणि तेवढ्या काळात ताईंचे गुडघे गेले. आता त्या पायरी चढताना भिंत धरतात.

मी विचारलं की सहा वर्षांत समुद्राकाठी एकदाही जागा नव्हती?

साडभाऊ खाली पाहत म्हणाले की जुलैत असते. दरवर्षी असते. पण जुलैत पाऊस. पाण्यात उतरू देत नाहीत. पैसे एवढे भरल्यावर पावसात कशाला जायचं? पुरता समुद्र पाहावा. म्हणून ते चांगल्या मोसमाची वाट पाहत राहिले.

मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. तो उरलेला अर्धा हक्क मी तिथं पुरता वापरला. म्हणालो, तुम्ही समुद्रसुद्धा टरबुजासारखा वाजवून पाहताय, आणि तिकडे ताईंचे पाय चाललेत.  साडभाऊ लहान आवाजात म्हणाले, “मले वाटे, एक डाव चांगलं जाऊन आलो का मंग सांगता येईन लोकाईले, घ्या का नोका घेऊ. तोवर काय सांगू?” मला वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही. तिथंच बसून मी माझ्या फोनवरून जुलैची खोली ठरवली. ताई हळदीकुंकवाहून परत आल्या, निळी फाइल माझ्या मांडीवर पाहिली आणि दारातच थांबल्या. मग म्हणाल्या, “सांगतलं वाटते तुमाले.” आणि चहा ठेवायला आत गेल्या. सोमवारी मी आमचा नकार कळवून टाकला. बायको दोन दिवस बोलली नाही.

जुलैत आम्ही चौघं मलकापूरहून रेल्वेनं आणि पुढं गाडी करून कोकणात पोचलो. माळ्यावरची बॅग निघाली होती. वाटभर पाऊस. ते ठिकाण टेकडीवर होतं आणि समुद्र खाली. फोनवर पाहिलेल्या चित्रात ही गोष्ट दिसत नव्हती. पाण्यापर्यंत जायला दगडी पायऱ्या होत्या. साडभाऊंनी आल्या आल्या मोजल्या, एकशे बारा. कठडा फक्त पहिल्या वीस पायऱ्यांना. ताईंनी वरून एकदा त्या पायऱ्या पाहिल्या आणि खोलीच्या गच्चीतल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. दोन माडांच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसत होती. मातकट, फेसाळलेली. किनाऱ्यावर लाल निशाण लावलं होतं. साडभाऊ त्यांच्या मागं उभे होते आणि त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. सहा वर्षं, सडलेल्या रात्री, ते कार्ड, आणि हाती ही एवढी पट्टी. ते मला म्हणाले की त्यांनी आयुष्यात कुणाचा धुरा चुकवला नाही, फक्त हिचा चुकवला.

ताई मात्र बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत होत्या. म्हणाल्या की त्यांना वाटलं होतं समुद्र लोणारच्या सरोवरासारखा निपचित असेल. हा तर सारखा बोलतोच आहे. मग जरा वेळानं, कुणाकडेही न पाहता म्हणाल्या, “पायाले लागलं असतं पाणी तं बरं झालं असतं.”

साडभाऊ आत गेले. मला वाटलं रडायला गेले असतील. ते न्हाणीघरातली निळी बादली घेऊन बाहेर आले आणि चालू लागले. मी मागं धावलो. खाली टेबलाशी बसलेल्या मुलानं त्यांना अडवलं. खोलीतलं सामान बाहेर नेता येत नाही, म्हणाला. साडभाऊ थांबले. आयुष्यभर ज्या माणसानं नियमाचं पान उलटून पाहिल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, तो बादली छातीशी धरून म्हणाला, “मी सभासद हाये इथला.” सहा वर्षांत हे वाक्य त्यांनी मोठ्यानं पहिल्यांदाच उच्चारलं असेल. मुलगा बाजूला झाला.

मी बादली धरू म्हटलं तर त्यांनी दिली नाही. पावसात निसरड्या झालेल्या त्या पायऱ्या सदुसष्ट वर्षांचा माणूस उतरला. शिट्टी वाजवणाऱ्या रखवालदाराला हातानंच ‘थांब’ असं खुणावून लाट आली तेव्हा वाकला, आणि अर्धी बादली भरून वर आला. तीनदा बसला वाटेत. वर आल्यावर बादली गच्चीत ताईंसमोर ठेवली. ताईंनी लुगड्याचा काठ जरा वर घेतला आणि एकेक पाय आत सोडला. बादली लहान होती, दोन्ही पाय जेमतेम मावले. तळाशी थोडी वाळू आली होती. ताई बोटं हलवून ती चाचपत होत्या.

“गार हाये का?” साडभाऊंनी विचारलं.

“नाई,” ताई म्हणाल्या. “कोमट हाये.” आणि जरा थांबून, “चांगलं हाये.”

साडभाऊंनी पुढं काही विचारलं नाही. ते जमिनीवरच बसले होते, धापा टाकत, ओल्या सदऱ्यानं, बादलीच्या कडेवर हात ठेवून. माझी बायको तोंड फिरवून आत गेली. पाऊस थांबला होता. असे अर्धा तास बसलो असू. मग ताईंनी पाय बाहेर काढले आणि साडभाऊंनी ते आपल्या पंच्यानं पुसले, बोटांच्या मधूनसुद्धा, काही राहून गेलं का ते पाहत.

मी बादली उचलून न्हाणीत रिकामी करायला निघालो तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. समुद्राचं पाणी आहे, मोरीत कसं ओतायचं, म्हणाले. मी म्हटलं, साडभाऊ, पुन्हा एकशे बारा पायऱ्या, काहीतरी विचार करा. ते निघालेच होते. मी थांबवायला पुढं झालो तेव्हा ताईंनी खुर्चीतूनच माझा हात धरला. “जाऊ द्या त्याईले, सर,” त्या म्हणाल्या.

आम्ही गच्चीच्या कठड्याशी उभे राहून पाहत होतो. साडभाऊ बादली दोन्ही हातांत धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, थेंब न सांडता हळूहळू खाली उतरत होते. ताई त्यांच्याकडेच पाहत होत्या. समुद्राकडे त्यांचं लक्ष नव्हतं.